आश्रयातून स्वावलंबनाकडे : पंडिता रमाबाई

सासरी छळ सोसणाऱ्या, वैधव्यामुळे घरात नकोशा झालेल्या आणि माहेरचे दारही बंद झालेल्या स्त्रीने जावे कोठे? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपले आयुष्य वेचून दिले, त्या पंडिता रमाबाईंचा अल्प परिचय या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत करून देताना आम्हांस विशेष समाधान वाटते. परमुलखात संसार मांडलेल्या आपणा मराठी कुटुंबांना त्यांचे चरित्र जवळचे वाटेल. त्यांचे पूर्वायुष्य परमुलखातच गेले, आणि त्यांच्या कार्याला मोठे वळण लागले ते याच जुन्या मध्य प्रांतात.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवादाची पर्वा न करता पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि आईने तीच विद्या मुलीला दिली. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील निवर्तले. भाऊ श्रीनिवास याच्यासह पायी भटकत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या देऊन गौरविले. पुढे भाऊ गेला. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. परंतु १८८२ मध्ये तेही वारले आणि लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची निकड मांडली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. बालवधूंचे हाल, विधवांची उपासमार व विटंबना, तसेच नांदायला जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंवरील खटला, हे सारे त्यांनी जगापुढे ठेवले. चार भिंतींआड दडपलेले दुःख अशा रीतीने चव्हाट्यावर आणणे हेच त्या काळी मोठे धाडस होते.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत 'शारदा सदन' उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले. गोदूबाई ही तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. त्याच वर्षी सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो असा आक्षेप घेऊन न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. धर्मांतराचा हा वाद रमाबाईंच्या नावाशी कायमचा जोडला गेला. त्याविषयी वाचकांची मते भिन्न असतील, आणि ती असू द्यावीत. परंतु निराधार स्त्रीसाठी दार उघडे ठेवण्याचे काम त्यांनी थांबविले नाही, हेही तितकेच खरे.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आज जेथे भिलाई वसली आहे तो भाग तेव्हा याच प्रांतातील रायपूर जिल्ह्यात मोडत असे. रमाबाई स्वतः मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्त भागांत फिरल्या. अन्नछत्रांतील बेवारस मुली कुंटणखान्यांच्या दलालांच्या हाती पडत आहेत हे त्यांनी पाहिले आणि शेकडो मुलींना त्या आपल्याबरोबर घेऊन आल्या. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी निघाले होते; या मुली मात्र सर्व जातींच्या होत्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आल्यावर केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली गेली, आणि तेथेच 'मुक्ती सदन' उभे राहिले.

१९०० च्या दुष्काळानंतर तेथे दोन हजारांच्या आसपास स्त्रिया व मुले राहू लागली. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' निघाले. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली जाऊ लागली. शेती, विणकाम, दुग्धालय, तेलघाणा, छापखाना अशी कामे स्त्रियांनीच चालविली. नुसत्या अन्नवस्त्राने आश्रितपण संपत नाही. हाताला कसब आणि पदरी स्वतःची कमाई असली, तरच स्त्रीला पुन्हा त्या छळाकडे परतावे लागत नाही, हे मर्म रमाबाईंनी ओळखले होते. १९२१ मध्ये मनोरमा निवर्तली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला. त्यांची संस्था आजही तेथे कार्यरत आहे.

आता कायदा पीडितेच्या बाजूने उभा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. पीडित स्त्रियांसाठी देशातील पहिले 'सखी' केंद्र २०१५ मध्ये आपल्या शेजारच्या रायपुरातच सुरू झाले. तरीही त्या दारापर्यंत जाण्यासाठी कोणाचा तरी हात धरावा लागतो. ज्या लेकीसुनांचे माहेर शेकडो कोस दूर आहे, त्यांना तो हात आपल्या मंडळातील घराघरांतून मिळावा. रमाबाईंच्या स्मृतीस याहून उचित अभिवादन आम्हांस दिसत नाही.