जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स

सर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स (१३ ऑगस्ट १८१९ – १ फेब्रुवारी १९०३) हे आयरिश वंशाचे ब्रिटिश गणितज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. द्रव व वायूंच्या श्यानतेविषयीच्या संशोधनासाठी ते विशेष प्रसिद्ध आहेत. शुद्धगतिकीय (कायनेमॅटिक) श्यानतेच्या सीजीएस एककास त्यांच्या स्मरणार्थ 'स्टोक्स' हे नाव देण्यात आले.

जीवन

स्टोक्स यांचा जन्म आयर्लंडमधील स्लायगो परगण्यातील स्क्रीन या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १८३७ मध्ये ते केंब्रिजच्या पेम्ब्रोक महाविद्यालयात दाखल झाले आणि १८४१ मध्ये सीनियर रँग्लर ठरले. (रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी १८९९ मध्ये मिळविलेला बहुमान हाच, तेव्हाही स्टोक्स केंब्रिजमध्ये प्राध्यापक होते.) १८४९ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी न्यूटनने भूषविलेले लुकेशियन प्राध्यापकपद सांभाळले. १८५७ मध्ये मेरी रॉबिन्सन यांच्याशी विवाह केल्यामुळे तत्कालीन नियमानुसार त्यांना महाविद्यालयाची फेलोशिप सोडावी लागली. नियम बदलल्यावर ती परत मिळाली. ते १८५४ ते १८८५ रॉयल सोसायटीचे सचिव व १८८५ ते १८९० अध्यक्ष होते. १८८९ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला.

श्यानतेवरील कार्य

१८४५ मध्ये स्टोक्स यांनी प्रवाही पदार्थांतील अंतर्गत घर्षणाचा सिद्धांत मांडला. फ्रेंच अभियंता नाव्हिये यांनी ही समीकरणे आधीच वेगळ्या मार्गाने मिळविली असल्याने ती नाव्हिये-स्टोक्स समीकरणे म्हणून ओळखली जातात. १८५० मध्ये सादर केलेल्या लंबकाविषयीच्या निबंधात त्यांनी द्रवातून सावकाश पडणाऱ्या गोलकावरील रोध गोलकाची त्रिज्या, वेग व द्रवाची श्यानता यांच्या सम प्रमाणात असतो, हे दाखविले.

याच निबंधात एक चूकही झाली. स्टोक्स यांनी गणितात श्यानता भागिले घनता ही राशी वापरली. तीच आजची शुद्धगतिकीय श्यानता होय. हवा विरळ केली तरी ही राशी बदलत नाही, असे त्यांनी गृहीत धरले. बेली यांच्या लंबकप्रयोगांत नळीतील जवळजवळ सर्व हवा काढलेली असे. त्यामुळे उरलेल्या हवेचा रोध नगण्य, असा त्याचा अर्थ झाला. वस्तुतः मूळ, म्हणजे गतिकीय (डायनॅमिक) श्यानता वायूच्या दाबावर जवळजवळ अवलंबून नसते, हे मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये सिद्धांताने व १८६६ मध्ये प्रयोगाने दाखविले. उरलेली विरळ हवाही लंबकाला अडवीत होती. स्टोक्स यांचे हवेचे मूल्य आजच्या एककांत सुमारे ०.०८७ स्टोक्स येते. खरे मूल्य ०.१५ च्या आसपास आहे. दोन श्यानतांमधील भेद केवळ एककांचा नाही, हे या प्रसंगावरून कळते.

एककांचे रूपांतर

गतिकीय श्यानतेचे सीजीएस एकक पॉइज (फ्रेंच वैद्य प्वाझय यांच्या नावावरून) असून १० पॉइज म्हणजे १ पास्कल-सेकंद. १ स्टोक्स म्हणजे १ चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद. १०,००० स्टोक्स म्हणजे १ चौरस मीटर प्रति सेकंद. पॉइजमधील संख्येला ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमधील घनतेने भागले की स्टोक्समधील मूल्य मिळते. उलट जाताना गुणावे. घनता त्याच तापमानाची हवी.

२० अंश सेल्सिअसच्या पाण्याची घनता जवळजवळ १ असल्याने त्याची श्यानता सुमारे १ सेंटिपॉइज आणि १ सेंटिस्टोक्स येते, आणि त्यामुळेच दोन्ही एकके एकच समजण्याची चूक होते. तेलाबाबत ती महागात पडते. ४६ क्रमांकाच्या हायड्रॉलिक तेलाची श्यानता ४० अंशांवर ४६ सेंटिस्टोक्स असते, घनता ०.८६ धरल्यास ती सुमारे ४० सेंटिपॉइज होते. हवा याच्या उलट वागते: गतिकीय श्यानता पाण्याच्या सुमारे पंचावन्नाव्या हिश्श्याइतकी, पण शुद्धगतिकीय श्यानता पाण्याच्या पंधरापट.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे विवर ज्या बेसॉल्टात आहे, तो कधीकाळी वाहता लाव्हा होता. अशा लाव्ह्याची श्यानता १०० पास्कल-सेकंद (१,००० पॉइज) व घनता २.७ मानल्यास उत्तर सुमारे ३७० स्टोक्स येते.

निधन

१९०२ मध्ये स्टोक्स पेम्ब्रोक महाविद्यालयाचे प्रमुख झाले. पुढील वर्षी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.