समाजस्वास्थ्याचे उपासक कै. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात जुना आहे. लोकमान्य, आगरकर, महर्षी कर्वे यांची नावे आपल्या मुलांना पाळण्यापासून ऐकावयास मिळतात. परंतु महर्षींच्या ज्येष्ठ चिरंजिवांचे नाव निघाले की वडीलधारी मंडळी विषय बदलतात, असा अनुभव पुष्कळांना असेल. कै. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य या विषयांचे ज्ञान तरुण स्त्रीपुरुषांच्या हाती परवडेल अशा मोलाने पोचविण्यासाठी आपले आयुष्य वेचले. हा विषय घरात काढणे आजही अवघड वाटते, हेच त्यांचे चरित्र पुन्हा सांगण्याचे कारण होय.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी दापोली तालुक्यातील मुरूड येथे झाला. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांच्या मातोश्री राधाबाई बाळंतपणात निवर्तल्या. त्या काळी अशा घटना इतक्या घडत की, त्यांची गणना दैवाच्या खात्यातच केली जाई. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी व्हावे, पुढे एकामागून एक बाळंतपणे यावीत, आणि त्यांतल्याच एखाद्यात तिचा अंत झाला तर काही महिन्यांत घरात दुसरी वधू यावी, हा क्रम आपल्या घराघरांत चालू होता. बाळंतपणांमध्ये अंतर ठेवणे माणसाच्या हाती आहे, ही कल्पनाच कोणाच्या मनात येत नसे.

१८९३ साली अण्णासाहेबांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. याच पुढे बाया कर्वे म्हणून प्रसिद्ध झाल्या. या विवाहाबद्दल मुरूडच्या मंडळींनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. रघुनाथ त्या वेळी अकरा वर्षांचा होता. पंगतीतून उठविले जाणे म्हणजे काय, हे त्याने आपल्याच घरी पाहिले. पुढे त्याच ज्ञातीने अण्णासाहेबांचा सत्कार करण्यात धन्यता मानली, हे आपण विसरता कामा नये. पुढील आयुष्यात लोकनिंदेला रघुनाथरावांनी जी किंमत दिली नाही, तिचे मूळ या बालवयातील अनुभवात असावे.

विद्यार्थी म्हणून ते अत्यंत बुद्धिमान होते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. १९०४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून ते बी. ए. झाले. गणित हा त्यांचा विषय. १९१९ च्या सुमारास गणिताच्या उच्च अभ्यासासाठी ते पॅरिस येथे गेले. परत आल्यावर मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. पगार चांगला, मान मोठा, आणि पिताश्रींचे नाव सर्वत्र गाजत असलेले. एवढ्यावर संतुष्ट राहिले असते तर त्यांचे आयुष्य सुखात गेले असते.

त्यांच्या गणिती बुद्धीला मात्र एक हिशोब स्वस्थ बसू देईना. समाजातील पुष्कळ दुःख टाळता येण्यासारखे आहे, आणि ते टाळण्याचे उपाय युरोपात ठाऊक झालेले आहेत. मग ते येथील माणसाला का मिळू नयेत? १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे व साधने पुरविणारे केंद्र सुरू केले. भारतातील असे हे पहिले केंद्र मानले जाते. त्याच वर्षी मार्च महिन्यात मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले होते. पाच वर्षांपूर्वी, १९१६ साली, अमेरिकेत ब्रुकलिन येथे मार्गारेट सँगर यांनी काढलेले केंद्र पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडले होते. जगातील पुढारलेल्या देशांतही जे धाडस नुकतेच होऊ लागले होते, ते एका मराठी प्राध्यापकाने कोणाचाही आश्रय नसताना केले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या कार्यात त्यांच्या पत्नी मालतीबाई, माहेरच्या गोडबोले, यांची साथ त्यांना पहिल्यापासून लाभली. आपणास अपत्य नको, असा निर्णय उभयतांनी विचारपूर्वक घेतला. त्या काळातील विवाहित स्त्रीला असा निर्णय किती जड गेला असेल, तिला नातेवाइकांचे किती बोल ऐकावे लागले असतील, याची कल्पना आमच्या भगिनींना सहज करता येईल. रघुनाथरावांच्या चरित्रात मालतीबाईंना दुय्यम स्थान देणे अन्यायाचे होईल.

१९२३ साली त्यांचे संततिनियमनावरील मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. या दुसऱ्या विषयाचे महत्त्व आज पटकन लक्षात येत नाही. पेनिसिलिनचा उपयोग १९४० नंतर सुरू झाला; त्यापूर्वी उपदंश आणि परमा या रोगांवर खात्रीचा व सोपा इलाज नव्हता. तरुण मुलगा लाजेने रोग लपवी, मग भोंदू वैद्याच्या जाहिरातीला भुलून पैसे घालवी, आणि शेवटी तोच रोग घेऊन बोहल्यावर चढे. त्याची शिक्षा निरपराध पत्नीला आणि जन्मास येणाऱ्या बालकाला भोगावी लागे. हे सर्व कुटुंबांना ठाऊक असे, पण बोलत कोणी नसे. रघुनाथरावांनी ते छापून सांगितले.

याचे मोल त्यांना लौकरच द्यावे लागले. विल्सन महाविद्यालय मिशनऱ्यांचे. तेथील चालकांना आपल्या प्राध्यापकाचा हा उद्योग रुचला नाही. प्रचार सोडा अथवा नोकरी सोडा, असा प्रसंग आला तेव्हा त्यांनी १९२५ साली राजीनामा दिला. त्यानंतर स्थिर आणि भरपूर प्राप्ती त्यांच्या वाट्याला कधीच आली नाही.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. व्यक्तीचे व समाजाचे शारीरिक आणि मानसिक आरोग्य, विशेषतः कामविषयक आरोग्य, हा त्याचा विषय. मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे, आणि त्यामुळे अंक पाहताच पुष्कळांचा संताप होई. ग्राहक थोडे, जाहिराती त्याहून थोड्या; संपादक, लेखक, मुद्रितशोधक सर्व एकच. पण या मासिकाने एक गोष्ट अशी केली की, जी त्या काळी दुसरीकडे कोठे होत नव्हती. वाचकांनी पत्राने प्रश्न विचारावे आणि संपादकाने त्यांना सरळ, शास्त्रीय, निर्भीड उत्तरे द्यावीत, अशी सोय त्यात होती. जे आईबापांना विचारता येत नाही, शिक्षकाला विचारण्याची सोय नाही आणि कुटुंबाच्या वैद्याला विचारले तर घरी कळण्याची भीती, ते प्रश्न या मासिकाकडे येत. हस्तमैथुनाने माणूस क्षयी होतो काय, स्वप्नावस्थेमुळे बुद्धी जाते काय, अशा भयांनी त्या काळच्या तरुणांची आयुष्ये पोखरली होती. त्या भयाला उत्तर मिळणे हीच मोठी औषधयोजना होती, आणि ती मासिकाच्या अल्प किमतीत मिळत असे.

सनातनी मंडळींनी त्यांच्यावर अश्लीलतेबद्दल खटले भरविले. १९३१ साली एका लेखाबद्दल त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. लैंगिक विषयास वाहिलेल्या मासिकाला वाचकांनी त्या विषयावर प्रश्न विचारणे स्वाभाविक आहे, व उत्तर देऊ नये असे म्हणणे म्हणजे मासिकच बंद करा असे म्हणणे होय, असा बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा आशय होता. न्यायालयाने तो मानला नाही. २०० रुपये दंड झाला. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. रघुनाथरावांनी दंड भरला आणि पुढचे अंक काढीत राहिले.

हा संबंध एका खटल्यापुरता नव्हता. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाची साधने लोकांना उपलब्ध करून देण्यासंबंधीचा ठराव बाबासाहेबांच्या पक्षातर्फे श्री. रोहम यांनी मांडला. तो फेटाळला गेला. आपल्या ज्ञातीच्या पुत्राची बाजू घेण्यास ज्ञातीतील किती वकील पुढे आले असते, आणि कोण पुढे आले, हा विचार ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

विरोध केवळ सनातन्यांचाच होता असे नव्हे. महात्माजींचा कृत्रिम साधनांना विरोध होता व संयम हाच मार्ग त्यांना मान्य होता. १९३५ च्या अखेरीस मार्गारेट सँगर यांनी वर्ध्यास त्यांची भेट घेतली, तरी त्यांचे मत पालटले नाही. महात्माजींच्या शब्दाला देशात जे वजन होते ते पाहता, रघुनाथरावांचा पक्ष किती एकाकी होता हे समजून येईल. ब्रह्मचर्याचा उपदेश काही थोड्यांना पेलतो. बाकीच्यांचे बाळंतपण, रोग आणि चिंता त्यामुळे थांबत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते त्यांनी कोणाचीही भीड न ठेवता मांडले.

त्यांच्या स्वभावात दोष नव्हते असे नाही. त्यांची लेखणी कडवट होती. प्रतिपक्षाच्या श्रद्धांची थट्टा करताना ते हात आखडता घेत नसत, आणि जे मित्र होऊ शकले असते असे पुष्कळ लोक त्यामुळे दूर गेले. त्यांची सर्वच मते आज कोणी मानील असे नाही. परंतु पैशासाठी त्यांनी कधी मत बदलले नाही. औषधविक्रेत्यांच्या फसव्या जाहिराती त्या काळी वृत्तपत्रांचा आधार होत्या. त्यांच्याविरुद्ध हा मनुष्य आयुष्यभर लढला.

१९४४ साली मालतीबाईंचे निधन झाले. त्यानंतरची नऊ वर्षे रघुनाथरावांनी एकट्याने मासिक चालविले. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे देहावसान झाले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक निघाला. पिताश्री अण्णासाहेब त्या वेळी हयात होते. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले, त्याचा आनंद सर्व ज्ञातीने केला. मुलाच्या वाट्याला असा सोहळा आला नाही. २००१ साली अमोल पालेकर यांनी त्यांच्या जीवनावर 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला, तेव्हा नव्या पिढीतील अनेकांना त्यांचे नाव प्रथमच कळले.

त्यांनी मागितले ते पुढे हळूहळू मिळत गेले. १९६८ साली सरकारने 'निरोध' बाजारात आणला व तीन नगांची किंमत १५ पैसे ठेवली. ज्या वस्तूसाठी रघुनाथरावांनी लोकांचे शिव्याशाप सोसले, ती गल्लीतल्या दुकानात पानसुपारीच्या भावाने मिळू लागली. १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात पतीच्या जागी जोडीदार हा शब्द येऊन अविवाहितेचाही विचार झाला. सरकारी दवाखान्यांत निरोध, गोळ्या व तांबी विनामूल्य मिळतात. २०१७ पासून त्यांत अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळी यांची भर पडली. १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, व त्यात समुपदेशनाची सोय आहे.

साधने स्वस्त झाली, कायदे झाले. अडले आहे ते घराच्या उंबरठ्याशी. आपल्या ज्ञातीत शिक्षण भरपूर आहे. मुलगा अथवा मुलगी शिक्षणासाठी परगावी, परदेशी जाते, तेव्हा आपण जेवणाची चौकशी करतो, थंडीचे कपडे देतो, पैशांची तरतूद करतो. आरोग्याच्या या एका बाबतीत मात्र तिला काहीच सांगत नाही. मग ते ज्ञान तिला मित्रमैत्रिणींच्या अर्धवट बोलण्यातून किंवा फसव्या जाहिरातींतून मिळते. अडचण आली तर तरुणीला दवाखान्याची पायरी चढण्याचा धीर होत नाही; डॉक्टर काय म्हणतील यापेक्षा ओळखीचे कोणी पाहील याचेच भय तिला अधिक वाटते. आपल्या ज्ञातीत ओळखी पुष्कळ असतात, हे भूषण येथे अडसर ठरते.

ज्ञातिसंस्था वधूवर-सूचक मंडळे चालवितात, शिष्यवृत्त्या देतात, वसतिगृहे बांधतात. त्यांच्याच जोडीला, ज्ञातीतील जाणत्या डॉक्टर भगिनी-बंधूंनी तरुणांशी या विषयावर मोकळेपणाने बोलावे, विचारणाऱ्याचे नाव कोणासही कळू नये आणि त्याला एक पैसाही खर्च येऊ नये, अशी काही व्यवस्था करणे कोणत्याही मंडळाच्या शक्तीबाहेरचे नाही. एका माणसाने सव्वीस वर्षे ते काम एकट्याने केले. रघुनाथरावांची तसबीर सभागृहात लावण्याची सूचना कोणी केली तर ती आनंदाने मान्य व्हावी. पण त्या तसबिरीखाली बसून त्यांच्या विषयावर बोलण्याची तयारी नसेल, तर भिंत मोकळी ठेवलेली बरी.