वावटळीमागे घोडा

चैत्र-वैशाखात आमच्या रानात भर दुपारी वावटळ उठते. तिच्यात भूत असते असे आजी सांगे, म्हणून आम्ही पोरे ती दिसताच घराकडे पळत असू. त्यामुळे एक प्रौढ, नावाजलेला गृहस्थ वावटळीला गाठण्यासाठी घोडा दौडवीत गेला, हे ग्रंथालयात वाचले तेव्हा मला प्रथम हसूच आले. त्याचे नाव बेंजामिन फ्रँकलिन.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतील बोस्टन गावी झाला. बाप मेणबत्त्या आणि साबण करणारा. सतरा भावंडांत हा पंधरावा. शाळा मिळाली जेमतेम दोन वर्षे. दहाव्या वर्षी बापाच्या हाताखाली कामाला लागला, बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार झाला आणि सतराव्या वर्षी तेथून पळून फिलाडेल्फियाला आला. (आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, म्हणून ही हकिकत मी दोनदा वाचली.) पुढे त्याने स्वतःचा छापखाना काढला, वर्तमानपत्र चालवले, आणि १७४८ साली, बेचाळिसाव्या वर्षी, धंद्यातून अंग काढून घेऊन तो विजेच्या प्रयोगांकडे वळला.

पण वादळाचे वेड त्याआधीचे. १७४३ साली एका रात्री चंद्रग्रहण होते. ते पाहायला फ्रँकलिन सज्ज झाला, तर ईशान्येकडून जोराचा वारा सुटला आणि आभाळ भरून आले. ग्रहण हुकले. बोस्टन फिलाडेल्फियाच्या ईशान्येलाच; तेव्हा वारा तिकडून आला त्याअर्थी तेथे वादळ आधीच झाले असणार, असे कोणीही म्हणेल. नंतर कळले की बोस्टनकरांनी ग्रहण पाहिले होते. वादळ तेथे पोचले ते त्यानंतर! फ्रँकलिन पोस्टमास्तर होता. निरनिराळ्या वसाहतींतील बातम्या त्याने पडताळून पाहिल्या आणि ताडले की वारा एका दिशेने वाहतो आणि वादळ स्वतः दुसऱ्याच दिशेने सरकते. वादळाच्या मागे जाणाऱ्याने प्रथम हेच ओळखायला हवे, नाहीतर तो वाऱ्याच्या मागे भटकत राहील.

१७५२ च्या जूनमधील पतंगाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, पण पुष्कळदा ती चुकीची सांगतात. वीज पतंगावर कोसळली नव्हती. कोसळती तर फ्रँकलिन उरला नसता. तो एका छपराखाली कोरड्या जागी उभा होता, हातात रेशमी फीत. लोक हसतील म्हणून बरोबर फक्त मुलगा विल्यम. एक भरलेला ढग डोक्यावरून निघून गेला. काहीच घडले नाही. दोघे निराश झाले. एवढ्यात दोरीचे सुटे धागे ताठ उभे राहिलेले दिसले, आणि किल्लीजवळ बोटाचे पेर नेताच ठिणगी उडाली. पुढच्याच वर्षी रशियात रिखमान नावाचा शास्त्रज्ञ मेघगर्जना ऐकून घरातील उपकरणाकडे धावत गेला आणि विजेने जागच्या जागी मेला. ढग तसाच, उत्सुकताही तशीच.

आता वावटळ. १७५५ साली फ्रँकलिन मेरीलंडमध्ये एका कर्नलच्या मळ्यावर चालला होता. वय एकोणपन्नास. खालच्या दरीत धुळीचा भोवरा उठला, तळाशी पिंपाएवढा, वर रुंद होत गेलेला, आणि टेकडी चढून या मंडळींकडे येऊ लागला. बाकीचे पाहत उभे राहिले. फ्रँकलिनने घोडा थेट त्याच्या बाजूला घातला. बंदुकीच्या गोळीने समुद्रातील जलस्तंभ फुटतो असे त्याने ऐकले होते, म्हणून त्याने वावटळीवर चाबूक ओढून पाहिला. तिला काही झाले नाही! मात्र तिचे गरगरणे भयंकर वेगवान असले तरी पुढे सरकणे माणसाच्या चालीएवढेच आहे, हे त्याच्या ध्यानात आले. तीही वाऱ्याच्या जवळजवळ उलट दिशेने चालली होती. मला वाटते, त्याने हेच वादळ निवडले याचे कारण येथेच आहे: ते सोबत चालता येईल एवढे लहान आणि सावकाश होते.

पुढे वावटळ रस्ता सोडून रानात शिरली आणि मोठी होत गेली. वाळलेला पाचोळा उंच उडू लागला. पाऊण मैल फ्रँकलिन बरोबर गेला. मग वठलेल्या झाडांच्या फांद्या तुटून आसपास उडू लागल्या, तेव्हा त्याने लगाम खेचला. विल्यम मात्र थांबला नाही. तो रानाबाहेर, तंबाखूच्या जुन्या शेतापर्यंत गेला. तेथे उचलायला ना धूळ होती ना पाने, त्यामुळे वावटळ खालून दिसेनाशी झाली.

वीस वर्षांनी इंग्लंडविरुद्ध वसाहतींचे बंड पेटले. बाप बंडवाल्यांचा पुढारी झाला. न्यू जर्सीचा गव्हर्नर असलेला विल्यम राजाशी एकनिष्ठ राहिला आणि १७७६ साली कैदेत पडला. या वेळी कोणी लगाम खेचला नाही. १७८५ साली इंग्लंडात साउदॅम्प्टन बंदरावर दोघांची थोडे दिवस गाठ पडली, तीही बरीचशी देण्याघेण्याच्या हिशेबापुरती. १७ एप्रिल १७९० रोजी फ्रँकलिन फिलाडेल्फियाला वारला. त्या भेटीनंतर मुलाला त्याने पुन्हा पाहिले नव्हते.