दिसते ते आणि असते ते

पॉट्सडॅममधील लष्करी चर्चच्या मनोऱ्यावर काही माणसे उभी होती. खालून आईबरोबर जाणाऱ्या एका लहान मुलाला त्या बाहुल्या वाटल्या आणि हात वर करून त्या काढून दे, असे त्याने आईला सांगितले. लांबची वस्तू लहान दिसते, पण लहान नसते, हे त्याला अजून उमगायचे होते. हाच मुलगा पुढे हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या नावाने जगविख्यात झाला. दृष्टिशास्त्रावरील आपल्या महाग्रंथात त्यांनी ही आठवण नोंदवली, याला कारण होते. जग पाहण्याची रीत आपण जन्माबरोबर घेऊन येतो, की हळूहळू शिकतो, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

३१ ऑगस्ट १८२१ रोजी जन्मलेल्या हेल्महोल्ट्झ यांचा ओढा पदार्थविज्ञानाकडे होता. पण शाळेत शिकवणाऱ्या वडिलांची ऐपत बेताची. म्हणून लष्करात डॉक्टर म्हणून आठ वर्षे सेवा करण्याची हमी देऊन त्यांनी बर्लिनमध्ये सरकारी खर्चाने वैद्यक शिकून घेतले. ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध १८४७ सालचा, म्हणजे या लष्करी नोकरीतलाच. भौतिकशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकाने तो नाकारला, तेव्हा त्यांनी तो स्वतंत्रपणे छापला.

१८४९ साली ते क्योनिग्सबर्ग येथे शरीरशास्त्राचे प्राध्यापक झाले. मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो, हे कदाचित कधीच मोजता येणार नाही, असे त्यांचे गुरू योहानेस म्युलर यांचे मत होते. शिष्याने बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याला जोडलेला मज्जातंतू घेतला. विजेचा झटका एकदा स्नायूजवळ दिला, एकदा दूर. आकुंचनाला लागलेल्या वेळेत सेकंदाच्या काही सहस्रांशांचा फरक पडला. आकडे टिपून घेण्याच्या कामी पत्नी ओल्गा मदतीला असत. वेग निघाला सेकंदाला तीस मीटरच्या आसपास. ध्वनीच्या वेगाच्या जेमतेम एक दशांश!

हा निष्कर्ष वडिलांच्या मात्र पचनी पडेना. फेर्डिनांड हेल्महोल्ट्झ तत्त्वज्ञानात रमणारे गृहस्थ होते. मनात विचार येणे आणि शरीराने तो व्यक्त करणे या दोन गोष्टी त्यांच्या लेखी एकाच क्षणी घडत. त्यांच्यामध्ये काळ शिरतो, हे मान्य करणे त्यांना जड गेले. वडिलांची ही अस्वस्थता हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती, असे मला वाटते. कारण त्या मोजणीचा अर्थच असा होता, की आपण जगाला कधीच त्याच क्षणी भेटत नाही. जे जाणवते ते घडून गेलेले असते.

विद्यार्थ्यांना शिकवताना डोळ्याच्या अंतर्भागाकडे त्यांचे लक्ष वळले. बाहुली काळी दिसते, कारण आत शिरलेला प्रकाश आल्या वाटेनेच परततो आणि ती वाट पाहणाऱ्याच्या डोक्यानेच अडलेली असते. तिरक्या काचेने आपल्या दृष्टिरेषेतूनच प्रकाश आत सोडण्याची युक्ती त्यांनी १८५० साली काढली. जिवंत माणसाचा दृष्टिपटल त्यामुळे डॉक्टरांना पाहता आला. या एका उपकरणाने त्यांचे नाव युरोपभर झाले.

पण डोळा जितका जवळून पाहिला, तितकी त्याच्याविषयीची भक्ती कमी होत गेली. त्यात आंधळा बिंदू आहे, रंगदोष आहे, शिरांच्या सावल्या आहेत. कोणा चष्मेवाल्याने असे सदोष उपकरण विकले असते तर ते परत करणेच योग्य ठरले असते, असा त्यांचा शेरा होता. मग इतके स्वच्छ, सलग जग दिसते कसे? हेल्महोल्ट्झ यांचे उत्तर होते : नकळत केलेल्या अनुमानाने. संवेदना ही वस्तूची प्रतिमा नव्हे, ती खूण होय. खुणेचा अर्थ अनुभवाने लागतो. लोलकांतून पाहिले की वस्तू बाजूला सरकलेल्या दिसतात आणि हात चुकीच्या जागी पडतो. थोड्या सरावाने तो बरोबर पडू लागतो. लोलक काढले, की पुन्हा चुकतो, पण आता उलट बाजूला! आपल्याकडच्या नैयायिकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन स्वतंत्र प्रमाणे मानली. हेल्महोल्ट्झ यांच्या हिशेबी मात्र प्रत्यक्षाच्या पोटातच अनुमान दडलेले होते.

१८५९ साली वडील आणि ओल्गा दोघेही गेले. दोन लहान मुले मागे होती. हेल्महोल्ट्झ यांनी १८६१ साली दुसरा विवाह केला. ध्वनिसंवेदनेवरचा ग्रंथ १८६३ साली आला आणि दृष्टिशास्त्राचा ग्रंथ १८६७ साली पुरा झाला. एवाल्ड हेरिंग यांच्याशी त्यांचा वाद दीर्घकाळ चालला. अवकाशाची जाणीव मुळात उपजत असते, असा हेरिंग यांचा पक्ष. रंगांच्या बाबतीत दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे ठरले : दृष्टिपटलातील शंकुपेशी तीन प्रकारच्या आहेत, पण पुढची प्रक्रिया हेरिंग यांच्या विरोधी जोड्यांनी चालते. नवजात अर्भकांनाही वस्तूच्या खऱ्या आकाराचे काही भान असते, असे विसाव्या शतकातील प्रयोगांत दिसले; तिथे हेल्महोल्ट्झ यांचे पारडे हलके पडते.

१८९३ साली ते शिकागोला गेले. परतीच्या प्रवासात जहाजाच्या जिन्यावरून पडले आणि ८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा ध्वनिसंवेदनेवरचा ग्रंथ पुढे भारतात एका तरुणाच्या हाती पडला. आपल्याला घडवणाऱ्या तीन पुस्तकांत चंद्रशेखर वेंकट रामन त्याची गणना करीत. तबला आणि मृदंग यांचे नाद इतर चर्मवाद्यांपेक्षा सुरेल का लागतात, याचा शोध त्यांनी कलकत्त्यात घेतला, तो १९२० च्या सुमारास.