जोसेफ फ्राउनहोफर

आकाशात मंगळ तांबूस दिसतो, तर शुक्र पांढराशुभ्र. दोघांनाही स्वतःचे तेज नाही. सूर्याचा प्रकाश त्यांच्यावर पडतो आणि परतून आपल्यापर्यंत येतो. शुक्रावरील दाट मेघ बहुतेक सर्व रंग परत पाठवितात. मंगळावरील धुळीत लोखंडाचा गंज आहे, तो निळा रंग गिळून तांबडा परत करतो. सोनेही निळा रंग गिळते, म्हणून ते पिवळे दिसते. प्रकाशातून नेमके काय नाहीसे झाले, हे मोजण्याची वाट ज्याने दाखविली, तो फ्राउनहोफर एका गरीब काचकाम्याचा मुलगा होता.

जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात स्ट्राउबिंग या गावी ६ मार्च १७८७ रोजी त्याचा जन्म झाला. अकराव्या वर्षीच तो पोरका झाला. पुढे म्युनिक शहरी आरसे करणाऱ्या एका कारागिराकडे त्याला बिनपगारी उमेदवारीस ठेवण्यात आले. शिकण्याची त्याला विलक्षण हौस. पण तो वाचत बसलेला धन्यास खपत नसे.

२१ जुलै १८०१ रोजी धन्याचे घर अकस्मात कोसळले. धन्याची पत्नी दगावली. जोसेफ मात्र ढिगाऱ्याखाली जिवंत होता. त्याची सुटका करण्याच्या कामी बव्हेरियाचा अधिपती मॅक्सिमिलियन जातीने हजर झाला. त्याने मुलास १८ सुवर्णमुद्रा दिल्या, तर उट्झश्नायडर नावाच्या कारखानदाराने पुस्तके दिली. चौदा वर्षांच्या दुसऱ्या एखाद्या मुलाने त्या पैशांचे काय केले असते कोण जाणे! जोसेफने काच घासण्याचे यंत्र घेतले आणि पुढे उरलेली उमेदवारीही पैसे भरून संपविली.

१८०६ साली तो उट्झश्नायडरच्या कारखान्यात दाखल झाला. निर्दोष भिंग करावयाचे, तर काच कोणत्या रंगास किती वाकविते, हे ठाऊक हवे. परंतु इंद्रधनुष्यात तांबडा कोठे संपतो आणि नारिंगी कोठे सुरू होतो, हे कसे ठरविणार? दिव्याच्या ज्योतीत त्याला एक तेजस्वी पिवळी रेषा आढळली होती. ती खूण सूर्यप्रकाशातही मिळते का, हे त्याने १८१४ च्या सुमारास पाहिले. अंधाऱ्या खोलीत अरुंद फटीतून किरण घेऊन त्याने तो लोलकावर पाडला व दुर्बिणीस डोळा लावला. पिवळ्या रेषेच्या जागी काळ्या रेषा होत्या. आणि सगळ्या वर्णपटात मिळून त्या पाचशेहून अधिक भरल्या! इंग्लंडात वुलस्टन यास १८०२ मध्ये अशा काही रेषा दिसल्या होत्या, पण त्याने त्यांचा पाठपुरावा केला नाही. फ्राउनहोफरने एकेका रेषेचे स्थान मोजले.

मग त्याने दुर्बीण शुक्राकडे वळविली. तेथेही सूर्याच्याच रेषा! शुक्राचा प्रकाश उसना असल्याची ती साक्षच होती. व्याधाच्या ताऱ्यात मात्र रेषा निराळ्या होत्या. ते तेज त्याचे स्वतःचे.

या रेषा का पडतात, हे फ्राउनहोफरला अखेरपर्यंत उमगले नाही. ७ जून १८२६ रोजी, अवघ्या ३९ व्या वर्षी, क्षयाने त्याचा अंत झाला. १८५९ साली किर्खोफ या शास्त्रज्ञाने ते कोडे उलगडले. सूर्याभोवतालच्या तप्त वायूंत धातूंच्या वाफा असतात व त्या आपापल्या रंगाचा प्रकाश गिळतात. दिव्यातील ती पिवळी रेषा आणि तिच्या जागी सूर्यात दिसणारी काळी जोडी, दोन्ही एकाच धातूच्या होत्या. तो धातू म्हणजे आपल्या मिठात असणारा सोडियम.