हसमुख धीरजलाल सांकलिया
हसमुख धीरजलाल सांकलिया (जन्म : मुंबई, १० डिसेंबर १९०८, मृत्यू : पुणे, २८ जानेवारी १९८९) हे भारतीय पुरातत्त्वज्ञ होते. लंडनला शिकत असताना त्यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसल या इंग्लंडमधील प्राचीन मातीच्या कोटाच्या उत्खननात भाग घेतला. १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. १९५०-५१ मध्ये शां. भा. देव यांच्यासह त्यांनी नाशिकची मातीची गढी आणि सिन्नरलगतच्या संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड, यांचे उत्खनन केले. पुढे नेवासे येथे घरांच्या भुईखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या मडक्यांत पुरलेली बालके आढळली. अश्मयुग आणि मौर्यकाल यांमधील महाराष्ट्राच्या इतिहासातील पोकळी या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या शोधामुळे भरून निघू लागली.