गावातच डॉक्टर घडवणाऱ्या डॉ. सुशीला नायर

फुलचूरजवळ गोंदियात आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. पूर्वी डॉक्टर व्हायचं तर मोठं शहर गाठावं लागे. शहरात शिकलेला डॉक्टर मग गावाकडं फिरकत नसे. ही रीत विदर्भातच बदलली ती डॉ. सुशीला नायर यांनी.

त्यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, पंजाबातला. त्या महात्मा गांधींच्या डॉक्टर होत्या. १९४२ च्या आंदोलनात बापू आणि कस्तुरबांसोबत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत राहिल्या. १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रात आरोग्यमंत्री होत्या.

१९६९ मध्ये त्यांनी वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं. प्रत्येक तुकडीनं एक गाव दत्तक घ्यायचं, तिथं मुक्काम करायचा, घरोघरी फिरायचं, हे शिक्षणातच बसवलं. पाणी कुठलं पितात, बाळंतिणीला काय खायला मिळतं, हे कळल्याशिवाय गावचा डॉक्टर घडत नाही. सगळे त्यांना बडी बहेनजी म्हणत. ३ जानेवारी २००१ ला त्या सेवाग्रामातच गेल्या.

आता देशभर एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना गावातली कुटुंबं दत्तक दिली जातात. असं कुणी शिकाऊ पोर तुमच्या दारी आलं, तर त्याला बसवा, दोन गोष्टी सांगा. उद्याचा गावचा डॉक्टर तोच असू शकतो.